घराच्या तपासणीत आढळणारे दोष : नजरेत भरणारे आणि खरोखर धोक्याचे (लेख आणि त्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

ओळंबा

राहते घर विकत घेण्यापूर्वी किंवा जुन्या घराची मोठी दुरुस्ती काढण्यापूर्वी त्याची रीतसर तपासणी करून घ्यावी, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. अहवालात लहानमोठ्या अनेक नोंदी असतात, छायाचित्रे असतात, आणि घेणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्यांतल्या सर्वांत भयंकर दिसणाऱ्या चित्रावर खिळते. मी बांधकाम अभियंता आहे आणि राहत्या घरांची तपासणी हाच माझा व्यवसाय आहे. या कामात मला पुन्हा पुन्हा जाणवत आले आहे की दोष कसा दिसतो यावरून तो किती धोक्याचा आहे हे फारच थोड्या वेळा कळते. गिलाव्यावरच्या बारीक भेगांपायी ठरलेले व्यवहार मोडतात, आणि गिझरला अर्थिंग नसल्याची एका ओळीची नोंद मात्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. म्हणून अहवालातल्या प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो: हा दोष कशामुळे आला, आणि तो तसाच राहू दिला तर त्यामुळे कोणाला इजा होईल किंवा घराचा कोणता भाग कमकुवत होईल?

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण घरातले निम्मेअधिक दोष कुठे ना कुठे पाण्यापाशी येऊन थांबतात. छतावर जिथे डाग दिसतो तिथेच वरून पाणी शिरते असे नसते. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी विजेच्या पाइपातून, बीमच्या कडेने किंवा काँक्रीटमधल्या एखाद्या सांध्यातून बरेच अंतर जाऊन भलतीकडेच उतरते. त्यामुळे डागावर रसायन फासून काहीही साधत नाही; आधी उगम शोधावा लागतो. सपाट गच्चीवर मी चार ठिकाणे न चुकता पाहतो: पाणी निचऱ्याच्या तोंडाकडे वाहते की मध्येच साचते (उतार साधारणपणे १०० ला १ एवढा तरी हवा), निचऱ्याच्या पाइपाचा सांधा, कठड्याची भिंत आणि गच्चीची जमीन जिथे मिळतात तिथला वाटा (कोपरा बुजवणारी सिमेंटची गोलाई), आणि कठड्याचा माथा. यांतला माथा सर्वांत दुर्लक्षित असतो. त्याला भेग असेल तर पावसाचे पाणी भिंतीतून उतरून खालच्या खोलीत येते आणि सगळा दोष गच्चीच्या जलरोधक थरावर जातो.

ओल तीन प्रकारची असते आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत. पावसानंतर वाढणारी आणि कोरड्या दिवसांत मंदावणारी ओल बाहेरून येते. ऋतू कोणताही असला तरी सारखीच राहणारी ओल बहुधा नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपाची असते. जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत चढून तिथे आडवी रेषा सोडणारी आणि भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लावणारी ओल पायातून वर येते. पाया आणि भिंत यांच्यामध्ये ओल रोखणारा थर नसल्याची किंवा बाहेरची माती त्या थराच्या वर चढल्याची ती खूण आहे. थंडीत कपाटामागे आणि कोपऱ्यांत दिसणारी काळी बुरशी मात्र अनेकदा या तिन्हींपैकी कशानेच आलेली नसते. खोलीतल्या दमट हवेतले पाणी गार भिंतीवर जमते आणि हवा खेळत नसल्यामुळे तिथेच टिकते. अशा भिंतीवर जलरोधक रंग लावणे व्यर्थ आहे. तिथे वारा खेळता करावा लागतो.

स्वतंत्र घर असेल तर आत शिरण्याआधी भोवतालची जमीन पाहावी. तिचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला असावा; पहिल्या तीन मीटरमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी मानले जाते. उतार घराकडे असेल तर पायाशी पाणी मुरत राहते, आणि पुढे भिंतींना पडणाऱ्या तड्यांचे मूळ तिथे सापडते.

चौकट

लेख अतिशय उपयुक्त आहे. आम्ही एक जुने घर पाहिले आहे. तिथे खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली आहे आणि वरच्या मजल्यावर भिंत व स्लॅब जिथे मिळतात तिथे लांबलचक आडवी भेग आहे. विकणाऱ्यांचे म्हणणे असे की हे सगळे गिलाव्यातलेच आहे. हे म्हणणे कितपत खरे मानावे, आणि आपल्याला घरी राहून काय तपासता येईल, हे कृपया सविस्तर सांगावे.

ओळंबा

भेगेची जागा, दिशा, रुंदी आणि ती अजून वाढते आहे की थांबली आहे, या चार गोष्टी कळल्याशिवाय तिच्याविषयी मत देऊ नये. आपण सांगितलेली आडवी भेग वरच्या मजल्यावर फार ठिकाणी आढळते. उन्हाने गच्चीचा स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो, आणि खालची विटांची भिंत त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही. त्यामुळे दोहोंच्या सांध्यात भेग पडते. तिने इमारत धोक्यात येत नाही, परंतु तिच्यातून पाऊस आत येऊ शकतो, म्हणून ती लवचीक पदार्थाने बंद करावी. काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात भरलेली वीट यांच्या सीमेवरच्या उभ्या भेगांचेही तसेच आहे.

खिडकीच्या कोपऱ्यातल्या भेगेबाबत थोडे सावध राहावे लागेल. भिंतीत दार-खिडकीसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, त्यामुळे तिथे केसाएवढी भेग सहज पडते. एक मिलिमीटरपर्यंतच्या अशा भेगा बहुधा दिसण्यापुरत्याच असतात. पण भेग पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत असेल, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल, किंवा त्याच भागातली दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागली असतील, तर पायाचा एक भाग खचतो आहे असे समजून स्वतंत्र अभियंत्याला दाखवावे. वाढ ओळखण्यासाठी भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी, रुंदी मोजून ठेवावी, आणि शक्य असल्यास भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवावी. भिंत हलली तर काच फुटते. मात्र हे निरीक्षण काही महिने, आणि एक ओला व एक कोरडा ऋतू पाहून झाल्यावरच निर्णायक ठरते.

आता ज्या भेगांविषयी अजिबात थांबू नये त्या सांगतो. बीमच्या टोकाशी, म्हणजे ती कॉलमवर टेकते तिथे, तिरपी जाणारी भेग ही तातडीची बाब आहे. बीमच्या मध्यावर खालच्या अंगाला दिसणाऱ्या ०.३ मिलिमीटरच्या आतल्या उभ्या भेगा लोकांना जास्त घाबरवतात, पण त्या लोखंडी सळ्यांनी बांधलेल्या काँक्रीटमध्ये अपेक्षितच असतात. दुसरी तातडीची भेग म्हणजे कॉलमवर किंवा स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेतच सरळ जाणारी. तिथे आतली सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो आणि त्या दाबाने काँक्रीट आतून फुटते. नवीन काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू (पीएच) १२ ते १३ च्या आसपास असतो, आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा सामू वर्षानुवर्षे उतरत ९ च्या खाली गेला की तो पापुद्रा जातो, आणि ओल असेल तर गंज सुरू होतो. सळईवरचे काँक्रीट जितके पातळ, तितके हे लवकर घडते. लहान हातोड्याने हलके ठोकून पाहावे. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते आणि सुटलेल्या भागाचा आवाज बद्द येतो.

या संदर्भात बाल्कनीविषयी मुद्दाम लिहितो, कारण तपासणीत हा सर्वांत निसटणारा धोका आहे. भिंतीतून पुढे काढलेल्या बाल्कनीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, कारण तिथे ताण वर येतो. फरशीच्या सांध्यांतून मुरणारे पाणी आधी याच सळयांना लागते. खालून पाहणाऱ्याला स्लॅबचा तळ स्वच्छ दिसत असतो आणि तरीही वरची मुख्य सळई गंजून अर्धी झालेली असू शकते. म्हणून बाल्कनीची फरशी खोलगट झाली आहे का, बाहेरचा काठ किंचित झुकला आहे का, आणि बाल्कनी खोलीला जोडते त्या रेषेत वरून भेग आहे का, हे पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवलेली असेल तर आणखी सावध व्हावे. पाच सेंटिमीटरचा मसाला आणि फरशी मिळून दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर भार येतो, आणि राहत्या खोल्यांचा स्लॅब माणसे व सामान यांच्यासाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरून आखलेला असतो. गच्चीवरच्या मोठ्या कुंड्या, भिजलेल्या मातीचे वाफे आणि नव्याने ठेवलेल्या टाक्या यांचा हिशेबही असाच मांडावा. १००० लिटरच्या टाकीत एक टन पाणी असते, आणि ती बीमवर ठेवली आहे की स्लॅबच्या मधोमध, याने मोठा फरक पडतो.

तांब्याची तार

मी विद्युत कंत्राटदार आहे. ओळंबा यांनी गिझरच्या अर्थिंगचा उल्लेख केला म्हणून त्याच विषयावर सविस्तर लिहितो. घराची वायरिंग तपासताना लोक दिवे लागतात का आणि पंखे फिरतात का एवढेच पाहतात. वायरिंगमधले जीवघेणे दोष मात्र असे असतात की त्यांच्यासह सगळी उपकरणे वर्षानुवर्षे सुरळीत चालतात.

पहिला दोष म्हणजे खोटे अर्थिंग. सॉकेटमध्ये अर्थची तार जमिनीपर्यंत नेण्याऐवजी मागच्या बाजूला न्यूट्रललाच, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेलाच, जोडून दिलेली असते. तीन दिव्यांचे जे छोटे तपासणी उपकरण मिळते, ते अशा सॉकेटवर सर्व ठीक असल्याचेच दाखवते, कारण त्याला न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक कळत नाही. पुढे कधी न्यूट्रलची तार मागे कुठे तुटली किंवा सैल झाली, की धुलाईयंत्राचा किंवा फ्रिजचा संपूर्ण पत्रा विजेच्या पूर्ण दाबावर येतो. हा दोष शोधायचा तर बोर्ड उघडून पाहावे लागते आणि अर्थचा रोध मोजावा लागतो. तेवढे काम करणारा माणूसच तपासणीला बोलवावा.

दुसरा दोष म्हणजे गळतीचा प्रवाह तोडणारे संरक्षक, म्हणजे आरसीसीबी, बसवलेलेच नसणे किंवा बसवून वळसा घालून बंद केलेले असणे. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नाही. माणसाच्या शरीरातून अँपिअरचा काही शतांश भाग एवढा प्रवाह गेला तरी हृदय बंद पडू शकते, आणि एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. आरसीसीबी मात्र जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला ३० मिलिअँपिअरचा फरक ओळखून क्षणात वीज तोडतो. तो वारंवार पडू लागला की काही कामगार दोष शोधण्याऐवजी त्यालाच वगळून जोडणी करतात. बहुतेक वेळा कारण साधे असते: कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेले असतात, किंवा गिझरच्या कॉइलमध्ये पाणी शिरलेले असते. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे. त्या बटणाने यंत्रणा पडते की नाही एवढेच कळते. अर्थिंग चांगले आहे याची त्याने खात्री होत नाही, हे लक्षात ठेवावे.

तिसरा दोष आगीचा. एकेरी जाणाऱ्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी मला नेहमी आढळतो. आधीचा लहान एमसीबी पडत होता म्हणून कोणीतरी मोठा बसवलेला असतो. आता एमसीबी पडत नाही, पण भिंतीतली तार तापते आणि तिचे आवरण हळूहळू ठिसूळ होते. सैल जोडणीची गोष्ट याहून वाईट आहे. तिथे प्रवाह मर्यादेतच असतो, त्यामुळे कोणतेही संरक्षक पडत नाही, आणि त्या एका बिंदूवर मात्र उष्णता साचत राहते. स्विचची पट्टी पिवळट किंवा तपकिरी पडणे, प्लगच्या पिना काळ्या होणे, बोर्डाजवळ करपल्याचा वास येणे, या खुणा दिसल्या की तो बोर्ड त्याच दिवशी बंद करावा. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायरिंग असेल तर ही शक्यता अधिक असते, कारण हा धातू उष्णतेने जास्त फुगतो, स्क्रूखाली दबून सैल होतो आणि त्याच्या पृष्ठभागावर वीज अडवणारा थर जमतो. उत्तर अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्यामुळे घरोघरी अशी वायरिंग झाली आणि तिथले तपासनीस आजही ती आवर्जून शोधतात.

माजघर

आमच्या घरात न्हाणीघरातच गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा गिझर आहे. खिडकी लहान आहे आणि थंडीत ती बंदच असते. अलीकडे आईला आंघोळीनंतर डोके जड होणे आणि मळमळणे असा त्रास होतो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो ठीक आहे. याचा गिझरशी काही संबंध असू शकतो का?

पन्हळ

आपला प्रश्न वाचून लगेच लिहितो आहे. कृपया तो गिझर आजपासून वापरू नका. मी नळकाम आणि गॅसजोडणीचे काम करतो. आपण वर्णन केलेली मांडणी, म्हणजे लहान बंद खोली, आत जळणारी ज्योत आणि बहुधा धूर बाहेर नेणारा पाइपही नसणे, ही घरगुती धोक्यांतली सर्वांत घातक मांडणी आहे. ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते, त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही पहिली लक्षणे आहेत, आणि मोकळ्या हवेत आल्यावर ती कमी होत असतील तर संशय आणखी बळकट होतो. गुंगी वाढली की माणसाला दार उघडण्याचेही भान राहत नाही. आईला डॉक्टरांकडे पुन्हा नेऊन गॅसच्या गिझरचा उल्लेख स्पष्टपणे करा, म्हणजे ते त्या दिशेने तपासणी करतील.

उपाय असा की ज्योतीवर चालणारा गिझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेच्या जागी बसवावा, त्याचा धूर पाइपाने घराबाहेर न्यावा आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र लावावे. ज्योत निळी आणि स्थिर असावी. पिवळी, डोलणारी आणि काजळी धरणारी ज्योत अपुऱ्या ज्वलनाची खूण आहे. मात्र ज्योत निळी दिसते म्हणून बंद खोलीतला गिझर सुरक्षित ठरत नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा लावल्याने प्रश्न सुटेल असे काहींना वाटते, पण घट्ट बंद घरात जोरदार पंखा धुराच्या पाइपातलाच धूर उलट आत ओढू शकतो.

गॅसविषयीच आणखी एक सांगतो. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताखाली जमतो. त्यामुळे हवा जाण्याची झडप आणि गळतीची सूचना देणारे यंत्र पहिल्या बाबतीत खाली आणि दुसऱ्या बाबतीत वर असावे लागते. सिलिंडर सोडून नळाचा वायू घेतलेल्या घरांत यंत्र जुन्याच जागी राहिलेले मी पाहिले आहे. रबरी नळीवर छापलेली मुदत वाचावी आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे.

विजेच्या साठवण गिझरला दाब सोडणारी झडप असते. पाणी तापताना ती थोडी ठिबकते, आणि ते ठिबकणे नकोसे वाटते म्हणून कोणीतरी तिच्या तोंडाला बूच बसवतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. थर्मोस्टॅट अडकून पाणी उकळत राहिले तर दाबाला वाट उरत नाही. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. झडपेचा पाइप मोकळा, खाली वळवलेला आणि डोळ्यांना दिसेल असा ठेवावा.

नळकामातले बाकीचे दोष त्रासाचे असले तरी इतके भयंकर नसतात. सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का पाहिले की लपलेली गळती कळते. न वापरलेल्या न्हाणीघरात दुर्गंधी येत असेल तर ट्रॅपमधले (निचऱ्याच्या तोंडाखाली पाणी धरून वास अडवणाऱ्या वळणातले) पाणी आटलेले असते. एक बादली ओतून पाहावे. वास तरीही राहिला किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर ट्रॅपमधून गुडगुड आवाज आला, तर सांडपाण्याच्या पाइपाला हवा मिळत नाही आणि ट्रॅपचे पाणी ओढले जात आहे.

माजघर

आपले मनापासून आभार. गिझर बंद केला आहे आणि आईला उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेत आहोत.

पन्हळ

उद्यापर्यंत थांबण्यापूर्वी एक पाहा. आईला आत्ता गुंगी, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल तर आजच रुग्णालयात न्या. त्या खोलीत घरातले आणखी कोणी आंघोळ करत असेल तर त्यांनाही हीच लक्षणे विचारा.

दगडी पायरी

या चर्चेत पडण्याच्या धोक्यांचा उल्लेख राहिला आहे. मी वृद्धांच्या पुनर्वसनाचे काम करते, आणि मोडलेले खुबे घेऊन येणाऱ्या माणसांच्या घरांत मला जे दिसते ते अहवालांत क्वचितच असते. जिन्याच्या पायऱ्यांची उंची सारखी नसणे हा त्यांतला मुख्य दोष आहे. पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि मग न पाहता चालतो. एखादी पायरी एका सेंटिमीटरनेही वेगळी असली तरी तो अडखळतो. पहिली आणि शेवटची पायरी सर्वांत जास्त वेळा चुकलेली असते, कारण मजल्याची फरशी नंतर बदललेली असते. या दोन पायऱ्या मोजपट्टीने मोजूनच पाहाव्यात.

लहान मुलांच्या बाबतीत कठडा पाहावा. उभ्या गजांमधले अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मुलाचे शरीर त्यातून पार होऊ शकते आणि डोके अडकू शकते. आडव्या पट्ट्यांचे कठडे देखणे असतात, परंतु मुलासाठी ती शिडीच होते. कठडा हाताने हलवून पाहावा, आणि तो जमिनीत जिथे रोवलेला आहे तिथला गंज मुद्दाम पाहावा, कारण रंग वरवर चांगला असतानाही लोखंड तळाशी खाल्लेले असते. खिडक्यांना सगळीकडून पक्क्या जाळ्या असतील तर निदान एका झोपण्याच्या खोलीत आतून किल्लीशिवाय उघडणारी झडप असावी. आगीच्या वेळी दाराची वाट बंद झाली तर तेवढाच मार्ग उरतो.

चौकट

ओळंबा यांना आणखी एक विचारायचे आहे. एका तपासनीसाने औष्णिक कॅमेऱ्याने संपूर्ण घर तपासून देतो आणि भिंतीतली सगळी ओल दाखवतो असे सांगितले आहे. त्याचे शुल्क बरेच जास्त आहे. ते देणे योग्य ठरेल का?

ओळंबा

हा कॅमेरा पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओल दाखवत नाही. ओला भाग बाष्पीभवनामुळे गार दिसतो, पण गार दिसणारा प्रत्येक भाग ओला नसतो. भिंतीत लपलेला बीम, पोकळी, वाऱ्याची झुळूक, यांनीही तसाच ठिपका उमटतो. म्हणून कॅमेऱ्याने संशयित जागा शोधाव्यात आणि ओलमापकाने त्यांची खातरजमा करावी. ओलमापकालाही मर्यादा आहे: लोणा लागलेल्या भिंतीतले क्षार वीज वाहून नेतात आणि भिंत कोरडी असली तरी आकडा वाढवतात. तपासनीस ही दोन्ही साधने आणि स्वतःचे डोळे वापरणार असेल तर शुल्क द्यावे. केवळ रंगीत चित्रे देणार असेल तर देऊ नये. याच कॅमेऱ्याचा खरोखर चांगला उपयोग तांब्याची तार यांनी सांगितलेल्या सैल जोडण्या शोधण्यासाठी होतो. त्यासाठी मोठी उपकरणे काही वेळ चालू ठेवून मग वितरण पेटी पाहावी लागते.

जुन्या घरांतल्या काही पदार्थांविषयीही लिहून ठेवतो. सिमेंटचे जुने पत्रे, जुने पाइप आणि उष्णता रोखण्यासाठी गुंडाळलेले जुने आवरण यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो अखंड आणि न उसवलेला असताना धोका कमी असतो. छिद्र पाडणे, कापणे, घासणे यांनी त्याचे तंतू हवेत येतात आणि फुप्फुसात जातात. दुरुस्ती करणाऱ्याला हे आधी सांगावे. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे त्याआधीच्या रंगाच्या थरांविषयी तिथेही संशय धरतात. असा रंग कोरडा घासू नये, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असताना. जमिनीतल्या युरेनियमपासून निघणारा रेडॉन वायू तळघरात आणि तळमजल्यावर साचतो. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे तो एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) ही संदर्भपातळी सुचवली आहे. तो केवळ मोजूनच कळतो.

वाळवीसाठी पायालगतच्या मातीच्या बारीक नळ्या शोधाव्यात आणि चौकटींचा खालचा भाग ठोकून पाहावा.

चौकट

शेवटचा प्रश्न. त्याच घरात एकाच खोलीचे छत नुकतेच रंगवलेले आहे आणि शेजारच्या खोलीत नवे कृत्रिम छत बसवले आहे. बाकीचे घर जुन्या रंगात आहे. विकणाऱ्यांना यावरून काही बोलणे बरे दिसेल का?

ओळंबा

अवश्य बोलावे, आणि संशयाने न बोलता थेट विचारावे: इथे दुरुस्ती झाली का, कशाची झाली, कोणी केली, आणि वर काय आहे? वर न्हाणीघर किंवा गच्ची असेल तर उत्तर लेखी मागावे. त्यानंतर कृत्रिम छतात हात जाईल एवढा चौकोन उघडण्याची परवानगी घ्यावी. दिवे बसवलेल्या जागी एक दिवा काढूनही आत पाहता येते. वर न्हाणीघर असेल तर त्याचा ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी एक ते दोन दिवस उभे ठेवावे, पातळी आखून ठेवावी आणि खालचे छत सकाळ-संध्याकाळ पाहावे. वर गच्ची असेल आणि पाऊस नसेल तर तीच चाचणी तिथे भागाभागाने करावी, मात्र आधी निचऱ्याची तोंडे नीट बंद करून. पाणी सोडल्यावरही आणखी दोन दिवस थांबून पुन्हा पाहावे, कारण स्लॅबवरच्या जाड कोब्यातून पाणी सावकाश उतरते. ही चाचणी करू देण्यास नकार मिळाला तर ते छत उघडून पाहिलेले नाही, अशी नोंद अहवालात करून घ्यावी आणि पावसाळ्यात गळती आढळल्यास दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, याचे कलम करारात घालावे.